लाल दोऱ्याच्या चादरी

(सोलापूर, नवी पेठ, १९७४. चादरींचं दुकान, दुपारची गिऱ्हाईक नसलेली वेळ. गादीवर मालक चनमल्लप्पा, उजव्या डोळ्यावर हिरवं फडकं; मिरजेला मोतीबिंदू काढून पंधरा दिवसांनी आजच दुकानात आलेले. समोर सून मालती.)

चनमल्लप्पा : ते ऱ्हाऊ दे. आत्ता गेली ती बाई काय मागत होती, तेवढं परत सांग.

मालती : चादरच मागत होत्या, मामा.

चनमल्लप्पा : चादरीच्या दुकानात नारळ न्हाई मागणार कुणी. कसली मागत होती?

मालती : लाल दोऱ्याची.

चनमल्लप्पा : म्हंजे मला बरोबर ऐकू आलं. मला वाटलं, डोळ्याबरोबर कान पण मिरजेत ठेवून आलो. काय म्हणाली, तिच्याच शब्दात सांग.

मालती : म्हणाल्या, परवा माझ्या नणंदेला दिलीत तशीच द्या, काठाला लाल दोरा बांधलेली. साधी नको.

चनमल्लप्पा : साधी नको म्हणाली?

मालती : हो.

चनमल्लप्पा : अठ्ठावीस वर्षं मी या गादीवर बसतोय. लाल दोऱ्याची द्या म्हणून आजवर कुणी मागून घेतली न्हाई. आणि तू तिला परत का पाठवलीस? मागं थप्पी दिसती की दोऱ्याची.

मालती : उद्या या म्हटलं.

चनमल्लप्पा : ते ऐकलं मी. का म्हटलंस, ते विचारतोय. बरं, इरली, ऱ्हाऊ दे. आधी एक सांग यव्वा, लाल दोरा म्हंजे काय असं वाटलं तुला?

मालती : उत्तम माल. निवडून बाजूला ठेवलेला. असं वाटलं होतं.

चनमल्लप्पा : शिवयोगीनं सांगितलं?

मालती : त्यांना विचारलं होतं मी, पहिल्याच दिवशी. ते म्हणाले, बाबा तसल्या वेगळ्या ठेवतात, मला त्यातलं काही कळत नाही. आणि पेपर तपासायला बसले.

चनमल्लप्पा : खरं बोलला. शाळेतली पोरं सोडून माझ्या लेकाला काय दिसत न्हाई. मग हे कुठनं काढलंस तू?

मालती : घरातून.

चनमल्लप्पा : कुणाच्या घरातनं?

मालती : आपल्याच. आपल्या घरात झाडून सगळ्या चादरींना लाल दोरा आहे, मामा. तुमच्या अंथरुणावर तो, पाहुण्यांच्या खोलीत तो. आमच्या लग्नात जोडी दिलीत, तिलाही होता. मी चार वर्षं धुताना जपला तो. कुलदेवाचा असेल असं आधी वाटायचं.

चनमल्लप्पा : बरं. पुढं?

मालती : आमच्या नातेपुत्याला ज्वारीची रास झाली की आमचे बाबा आधी घरची पोती बाजूला काढतात. टपोरा दाणा घरात, उरलेला बाजारात. गूळ असो, तूर असो, सगळेच तसं करतात. म्हणून मी म्हटलं, चादरवाल्याच्या घरात काय असणार? चांगलंच असणार की.

चनमल्लप्पा : मला हसवू नको, पोरी. डॉक्टरनं बजावलंय, महिनाभर वाकायचं न्हाई, शिंकायचं न्हाई, मोठ्यानं हसायचं न्हाई. आणि तू नेमकं आज हे सांगतीस.

मालती : मी हसायला नाही सांगितलं.

चनमल्लप्पा : न्हाई, डोकं चाललं तुझं, तेच नवल करतोय. बघितलंस, जोडलंस, अर्थ काढलास. फक्त दुकान उलटं हाय हे कुणी सांगितलं न्हाई तुला. चूक माझीच. मी जन्मभर दोरा बांधून घेतला आणि का, ते कुणाला सांगितलं न्हाई. मला वाटलं, दोऱ्याचा अर्थ भिंतीला पण माहीत असंल. आता सांगू, काय असतं ते?

मालती : सांगा.

चनमल्लप्पा : खोट. मागावर आडवा धागा तुटतो, कुठं गाठ बसती, कुठं रंग फिका पडतो. सोजरा दारातल्या उजेडाला एकेक चादर धरती. खोट सापडली की तिच्या समोर काठाला लाल दोरा बांधती. गिऱ्हाईक आलं की आपण दोरा बघून तीच जागा आधी उघडायची. बोट ठेवून दाखवायची. मग थोडी कमी किंमत सांगायची. पटलं तर न्यावी. कुणीच नेली न्हाई तर ती घरात येती.

मालती : म्हणून आपल्याकडं सोळा आहेत.

चनमल्लप्पा : सतरा होत्या. एक कुत्र्यानं फाडली. सोजरे! ए सोजरा, जरा हिकडं ये बघू.

सोजरबाई : आले मालक. डोळा बरा हाय न्हवं? घड्या घालाय लागले हुते मागं.

चनमल्लप्पा : डोळ्याचं ऱ्हाऊ दे. वीस वर्षं तू चादरी तपासतीस. मी नसताना लाल दोऱ्याच्या चादरी चालल्यात, हे तुला दिसलं न्हाई?

सोजरबाई : दिसलं की. चांगलं वाटलं उलट. म्या म्हटलं, वहिनी शिकल्याली हाय, नातेपुत्याची हाय, गोड बोलून खोटीचा माल काढती. मालकाला जमलं न्हाई ते हिला जमलं. आन तिसऱ्या दिशी वहिनीच म्हनल्या, सोजरबाई, लाल दोऱ्याच्या अजून काढा.

चनमल्लप्पा : म्हणालीस तू तसं?

मालती : म्हणाले.

चनमल्लप्पा : मग तू काय केलंस, सोजरा?

सोजरबाई : मला राग आला. म्या कुणाला काय बोलले न्हाई, पर आला. म्हटलं, हिला वाटतंय ही म्हातारी नीट बघत न्हाई, खोटी सोडती. म्हून मग बारीक बघाय लागले. चष्मा मागून आनला शेजारच्या लीलाताईचा. आन मालक, बारीक बघितलं की समद्यात घावती हो. हितं जरा धागा जाड, तितं जरा फूल तिरकं. बांधला दोरा. रीळ संपलं, दुसरं आनलं.

चनमल्लप्पा : आता दुकानात बिनदोऱ्याच्या किती हायेत?

सोजरबाई : एक बी न्हाई.

चनमल्लप्पा : एक बी न्हाई.

सोजरबाई : तुमीच म्हनता की, खोट लपवायची न्हाई.

चनमल्लप्पा : म्हणतो. म्हणतोच मी. जा, तू आधी चहा सांगून ये. आणि मग ती समदी थप्पी हितं माझ्यापुढं आण. हातानं बघतो. बोटाला अडंल ती खोट, चष्म्याला दिसंल ती न्हवं.

सोजरबाई : हिंदुराव येनार हायेत न्हवं चारला, दुकानाचं बोलाय? त्यांचा बी सांगू का चा?

चनमल्लप्पा : चार वाजायला अजून येळ हाय. आपला सांग.

मालती : मामा, सोजरबाईंचं काही चुकलं नाही.

चनमल्लप्पा : कोण म्हणतंय चुकलं? घर हाय काय दुकान, समजत न्हाई मला. एक म्हणती खोट म्हंजे खास. दुसरी म्हणती समदंच खोट. आणि मी मिरजेला पाठीवर पडून म्हणतोय, देवा, दुकान नीट चालू दे.

मालती : मी एक विचारू? दोरा लालच का?

चनमल्लप्पा : का म्हंजे?

मालती : पांढऱ्या चादरीला पांढरा, हिरव्याला हिरवा बांधला असता तरी तुम्हाला कळलं असतं. लाल रंग रस्त्यावरून सुद्धा दिसतो. दुकानदार खूण करतात ती स्वतःला कळण्यापुरती करतात. तुम्ही सगळ्यांना दिसेल अशी केलीत.

चनमल्लप्पा : हे शिवयोगीनं विचारायला पायजे होतं, इतक्या वर्षांत. हिंदुराव बारा वर्षं हितं घड्या घालत होता, त्यानं पण न्हाई विचारलं.

मालती : सांगण्यासारखं नसेल तर राहू द्या.

चनमल्लप्पा : सांगण्यासारखं न्हाईच. बस जरा अलीकडं. मी दुधनीहून आलो तेव्हा माझ्याकडं मोजून चाळीस चादरी होत्या आणि हे निम्मंच दुकान होतं. पहिलं वर्ष. एक दिवस गिरणीतला एक माणूस आला, जोतीराम नावाचा. बायको बाळंत झालेली. म्हणाला, बाळंतिणीला पांघरायला मऊ चादर द्या, नवीन हवी, आमच्या घरात नवं काय न्हाई. मी काढली. घडी उलगडताना बघितलं, मधोमध चार बोटं जागा झिरझिरीत. धागा सुटलेला.

मालती : त्याला दिसलं?

चनमल्लप्पा : तो माझ्या तोंडाकडं बघत होता, चादरीकडं न्हाई. बाप झालेला माणूस. पोरगा कुणासारखा दिसतो ते सांगत होता. मी घडी घातली. अशी घातली की ती जागा आत गेली. बांधून दिली.

मालती : आणि मग भांडायला आला.

चनमल्लप्पा : आला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, मी बदलून दिली असती, मिटलं असतं. तो रोज गिरणीला जाताना हितनं जायचा आणि हात वर करून नमस्कार करायचा. भोंगा झाला की मी आत जाऊन बसायचो. तो पुढं गेला की बाहेर यायचो.

मालती : किती दिवस?

चनमल्लप्पा : आठ-नऊ महिने. मग पोराचं जावळ काढलं, तर मला जेवायला बोलावलं. आता म्हणशील, का गेलात? न्हाई कसं म्हणायचं? गेलो. पोरगं त्याच चादरीवर निजलं होतं. मधोमध त्या जागेला रफू केलेलं, लाल दोऱ्यानं. त्याची बायको वच्छला, ती लाजली. म्हणाली, घरात घोंगडी शिवायचा लालच दोरा होता, तोच घातला, वाईट दिसतंय जरा. आणि जोतीराम तिला काय म्हणाला सांगू?

मालती : काय?

चनमल्लप्पा : म्हणाला, सावकार नवीन हायेत धंद्यात. नजर बसायची हाय अजून. त्यांना दिसलं नसंल.

मालती : तुम्ही काय म्हणालात?

चनमल्लप्पा : जेवलो. दोनदा वाढून घेतलं. पुरणपोळी केली होती त्यांनी माझ्यासाठी, गिरणीतल्या माणसानं. दुसऱ्या दिवशी लाल दोऱ्याचं रीळ आणलं. त्यांना दिसलं नसंल, म्हणाला तो. मला दिसलं होतं, मालती.

मालती : मामा.

चनमल्लप्पा : हं.

मालती : मलाही दिसलं होतं.

चनमल्लप्पा : काय?

मालती : चौथ्या दिवशी. पहिल्या तीन दिवसांत नऊ गेल्या, त्या खरंच चुकीनं गेल्या. चौथ्या दिवशी वेणीमाधव मास्तर आले, ह्यांच्या शाळेतले. म्हणाले, दोरा कशाचा? मी म्हटलं, खास मालाची खूण. ते म्हणाले, मग खास काय ते दाखवा. मी दाराशी उजेडात धरली. त्यांना चष्म्यातून काही दिसलं नाही. मला दिसलं. बोटभर धागा तुटलेला, आणि दोरा बरोबर त्याच्या समोर बांधलेला. तेव्हाच लख्ख कळलं सगळं.

चनमल्लप्पा : मग काय केलंस?

मालती : घडी घातली.

चनमल्लप्पा : कशी घातलीस?

मालती : ती जागा आत गेली.

चनमल्लप्पा : हं.

मालती : त्यानंतर सहा गेल्या. म्हणजे मास्तरांची धरून सात. किंमत पुरी घेतली. आज ती बाई आली आणि तुम्ही समोर बसला होतात. माझा हात थप्पीकडं जाईना. म्हणून उद्या या म्हटलं.

चनमल्लप्पा : मी खोट म्हणालो तेव्हा तू दचकली न्हाईस. एक डोळा उघडा हाय माझा. नवल वाटलं होतं मला. पण का केलंस, ते नीट सांग. मी रागवत न्हाई, मला समजून घ्यायचंय.

मालती : का, ते तुम्हाला माहीत आहे. आज चार वाजता तुम्ही हिंदुरावांना दुकान द्यायचा शब्द देणार होतात. मिरजेला जायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या पाया पडून म्हटलं, पंधरा दिवस मला बसू द्या, मग ठरवा. बाईमाणसानं नवी पेठेत दुकान चालवल्याचं कुणी ऐकलंय का, असं हिंदुराव माझ्यासमोर म्हणाले होते. मला दाखवायचं होतं त्यांना. लोक लाल दोरा मागून न्यायला लागले, नावानं यायला लागले. त्या वेळी मीच म्हणायचं, अहो, ही खोट आहे? माझ्याच्यानं नाही झालं.

चनमल्लप्पा : सात कुणाकुणाला गेल्या, आठवतंय?

मालती : वेणीमाधव मास्तर. वकिलांच्या मथुराबाई. आज आलेल्या बाईंची नणंद, चंद्रव्वा, त्या भाजी मंडईमागं राहतात. एक पाण्याच्या टाकीजवळच्या धोबिणीनं नेली, लेकीच्या रुखवताला. एक पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्यानं. एक टपाल कचेरीतल्या धोंडीरामांनी. आणि अक्कम्मा, त्यांनी तर मला आशीर्वाद दिला.

चनमल्लप्पा : तोंडपाठ हाय.

मालती : अकरा दिवस तेच म्हणतेय मनात.

चनमल्लप्पा : आणि त्या आधीच्या नऊ?

मालती : त्यातली चार घरं माहीत आहेत. बाकीचे बाहेरगावचे होते. द्या तुम्ही हिंदुरावांना दुकान. ते म्हणतात, बारा वर्षांत त्यांच्या हातून लपवून एक चादर गेली नाही.

चनमल्लप्पा : म्हणतो खरं. मला पण ते लई गोड वाटायचं ऐकायला. आज वाटतंय, विचारायला पायजे होतं त्याला. एकदा बी न्हाई, हिंदुराव? बारा वर्षांत तुझ्या मनात बी आलं न्हाई?

मालती : ते खरंही असेल.

चनमल्लप्पा : असंल. मग तो माझ्यापेक्षा मोठा माणूस हाय, त्याला माझं दुकान कशाला पायजे? तू काय करणार हायेस, ते सांग.

मालती : सात घरी जाते. चांगली चादर देते आणि जुनी परत मागते. आधीच्या चार घरीही, पण ती उद्या. ही सात आज.

चनमल्लप्पा : आणि तोंडानं काय म्हणणार? चुकून गेली?

मालती : नाही. मला दिसलं होतं, असं म्हणणार.

चनमल्लप्पा : रुखवतातली चादर परत मागायची म्हंजे लग्नघरात चारचौघींत बोलावं लागंल.

मालती : माहीत आहे.

चनमल्लप्पा : लोक म्हणतील, चनमल्लप्पाच्या सुनेनं फसवलं. उद्यापासनं गिऱ्हाईक तुला बघून पुढच्या दुकानात जाईल.

मालती : जाईल. तुम्ही जोतीरामांना नंतर कधी सांगितलंत, मामा?

चनमल्लप्पा : न्हाई.

मालती : कधीच नाही?

चनमल्लप्पा : रीळ आणलं, दोरे बांधले, अठ्ठावीस वर्षं दुनियेला खोट दाखवली. त्याला तेवढं सांगायचं ऱ्हायलं. आज सांगू, उद्या सांगू. मग तो गेला, सहा वर्षं झाली. मी खांदा दिला.

मालती : आणि वच्छलाबाई?

चनमल्लप्पा : हाय. विजापूर वेशीत ऱ्हाती, लेकाकडं. तेच ते पोरगं, आता दोन लेकरांचा बाप हाय. दिवाळीला दुकानात येती कधी. सावकार म्हणती मला.

मालती : त्यांना सांगता येईल.

चनमल्लप्पा : काय सांगू? अठ्ठावीस वर्षांनी म्हातारीपुढं जाऊन काय सांगायचं?

मालती : मी सात घरी जे सांगणार आहे तेच.

सोजरबाई : चा आनलाय. आन ही थप्पी. लई जड हाय बाई. कुठं ठेवू?

चनमल्लप्पा : हितं, माझ्या मांडीशी. मालती, उलगड. काठ धर तू, मी हात फिरवतो. ही… न्हाई, काय अडत न्हाई. सोड दोरा.

सोजरबाई : अवो मालक, त्या फुलाचं देठ तिरकं हाय.

चनमल्लप्पा : माझं पण तिरकं हाय. सोड. दुसरी. हं, हितं, बघ. मालती, तुझं बोट दे. लागलं?

मालती : लागलं. गाठ आहे.

चनमल्लप्पा : ही ऱ्हाऊ दे दोऱ्याची. ही चांगली. ही पण. सोजरा, टांगा बोलाव मंडईच्या तोंडावरनं. दोघं जायचंय आमाला.

मालती : तुम्ही? डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलंय.

चनमल्लप्पा : फडकं हाय की बांधलेलं.

सोजरबाई : मालक, चारला हिंदुराव येतील. त्यांना काय सांगायचं म्या?

चनमल्लप्पा : सांग, मालक भाईर गेल्यात.

सोजरबाई : आन मालक कवा येनार म्हनून इचारलं तर?

चनमल्लप्पा : तर सांग, दोघं बी संध्याकाळपातूर येतील.

सोजरबाई : दोघं बी मालक?

चनमल्लप्पा : तुला ऐकू आलं की नीट.

मालती : मामा, असं आज नका म्हणू. आधी मला त्या घरांतून येऊ द्या.

चनमल्लप्पा : मी कुठं तुला काय म्हटलं? मी सोजराला सांगतोय. थप्पीत किती झाल्या, सोजरा?

सोजरबाई : सात झाल्या, बिनखोटीच्या. बांधू गठ्ठा?

चनमल्लप्पा : थांब. अजून एक काढ.

सोजरबाई : घरं सातच म्हनत हुत्या वहिनी. आठवी कुनाला?

चनमल्लप्पा : बाळंतिणीला पायजे. जरा मऊ बघून काढ.